शेऱ्याचा रकाना

लातूर,
१२ सप्टेंबर २००३

प्रिय महानंदा अक्कास मन्मथचा शरणार्थ. दाजींना नमस्कार, ऋतूला पापा. दहा वर्षांची घोडी झाली म्हणून काय झालं, मामाला बारकीच हाय ती.

इकडं सगळं ठीक. आमच्या गल्लीत आणखी दोन क्लास निघाले. भोकर, अर्धापूर, कुठून कुठून पोरं येऊन राहिलीत अन् सगळ्यांना डॉक्टरच व्हायचंय. मग आजारी कुणी पडायचं, देव जाणे! मी दिवसभर त्यांच्या फिजिक्सच्या नोट्स टाइप करतो. डोळे फुटायची पाळी आली.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. भूकंपाला दहा वर्षं होतील, गावाची स्मरणिका नांदेडच्या प्रेसात छापायचीय, गेलेल्यांची यादी सीडीवर टाकून पाठव, एवढंच तर काम. तू म्हणशील, कॉम्प्युटरवाला भाऊ अन् एक सीडी जमंना. जुनी फ्लॉपी खराब झाली असं कळवणार होतो. साफ खोटं. फ्लॉपी पहिल्या झटक्यात उघडली.

तीन सीड्या वाया घालवल्या. कोरी सीडी आत सारतो, 'राइट' दाबतो, अन् निम्म्यात बंद करतो. मग ती सीडी बादच. या सीडीचं असंच हाय, एकदा लिहिलं की खोडता येत न्हाई.

भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी मी ती यादी टाइप केली, तवा शेवटचा शेऱ्याचा रकाना रिकामा होता. तुझ्या गिरिजाच्या नावापुढं मीच टाकलं, "झोपेतच". ते वाचून तू पहिल्यांदा पोटभर रडलीस अन् म्हणालीस, "बरं झालं माय, लेकराला कळलं तरी न्हाई." मग शेजारची धोंडाबाई लातूरला आली. "बाबा, माझ्या नातवाफुडं बी तेच लिही." तिच्यामागं सगळं गाव. दोनशे अकरा नावं, अन् प्रत्येकापुढं माझा तोच शब्द.

आता तू लिहितेस, गिरिजाच्या फोटोखाली ते मोठ्या अक्षरात छापायचं. अक्का, नको छापूस.

ती झोपेत गेली न्हाई.

तू ऋतूच्या वेळी बाळंतपणाला नांदेडच्या दवाखान्यात, दाजी तुझ्याजवळ. चार वर्षांच्या गिरिजासाठी मला ठेवून गेली होतीस. गणपती बुडवून आलो अन् मी बाहेर ओट्यावर आडवा झालो, ती आत आजीपाशी. म्हणून मी वाचलो. उजाडल्यावर मातीखालून आजीचा न्हाई, तिचा एकटीचाच आवाज आला, "मामा, लाईट लाव की." तिला वाटलं अजून रात्रच हाय. मी हातानं दगड उपसले, नखं निघाली. मग परत धक्का बसला, उरलेली भिंत हलली, अन् मी पळालो. एकोणीस वर्षांचा बाप्या मी, बांधावर कान दाबून बसलो. दुपारी जवान आले. "अंदर कोई है?" घराजवळ जाऊन ऐकलंसुद्धा न्हाई मी. बसल्या जागेवरून म्हणालो, "कोई नहीं." ते पुढच्या गल्लीत गेले.

ते गेल्यावर मी जवळ आलो. आवाज बारीक झाला होता, पण होता. "मामा, लाव की." बोंबलत पळालो त्यांच्यामागं. त्यांना घेऊन येईस्तोवर आवाज बंद झाला होता.

इथं रोज लाईट जाते. दुकानात अंधार झाला की पोरं ओरडतात, "काका, लाईट लावा की!" मी सगळं टाकून रस्त्यावर जाऊन उभा राहतो. लोकांना वाटतं, मन्मथला अंधाराचं भ्या हाय. अंधाराचं न्हाई गं.

चौथी सीडी पूर्ण केली, सोबत हाय. गिरिजापुढचा रकाना कोरा ठेवलाय. बाकीच्यांपुढचा शब्द तसाच ठेवला. त्यांचं खरंखोटं मला काय ठाऊक, अन् म्हातारपणी धोंडाबाईचा तेवढा आधार काढून घ्यायला हात धजत न्हाई. गिरिजापुढं काय छापायचं, ते तू ठरव. आई तू हायस.

भाऊबीजेला नांदेडला येऊ का नको, तेवढं दोन ओळीत कळव. न्हाई कळवलंस तर समजून घेईन.

तुझा म्हणायची हिंमत होत न्हाई,
मन्मथ