बिस्किट कंपनीचा भूगोल

२१ सप्टेंबर, रविवार
शाळा उघडली. फाटकावर 'दमनहूर सरकारी मुलींची शाळा' ही पाटी आहे तिथेच आहे. तिच्याखाली बिस्किट कंपनीचं नाव, तिप्पट मोठ्या अक्षरांत. भिंती केशरी रंगवल्यात. क्रीम बिस्किटाच्या पुड्याचा तोच केशरी. हेडमास्तर हज्ज मेतवल्ली म्हणाले, "सबरी, घाबरू नकोस. नुसती भागीदारी आहे. शाळा सरकारचीच."
निश्चय: कडाडून विरोध. सव्वीस वर्षं इथे भूगोल शिकवतोय. माझ्या शब्दाला या शाळेत वजन आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार
गणिताच्या इन्शिराहबाई शिक्षण कार्यालयाला द्यायचा अर्ज घेऊन आल्या. शाळा कंपनीच्या हाती देऊ नका. 'ऐच्छिक देणगी' न भरणाऱ्या मुलींना दुसऱ्या इमारतीत दुपारच्या पाळीला ढकलू नका. पहिली सही माझी हवी होती. मजकुरात व्याकरणाच्या दोन चुका. म्हटलं, ठेवून जा, सुधारून देतो.
"सर, सही आधी करा, व्याकरण मागून बघू."
फार घाईची बाई.

३० सप्टेंबर
मसुदा सुधारतोय. तिसरा परिच्छेद अप्रतिम उतरलाय.
दुपारी कळलं, इन्शिराहबाईंनी जुनाच अर्ज अठरा सह्यांनिशी पाठवला. चुकांसकट. एका चांगल्या कामाची वाट लावली.

९ ऑक्टोबर, गुरुवार
कंपनीच्या नर्मीन मॅडम खास मला भेटायला आल्या. वय तिशीच्या आतबाहेर. जिल्ह्यात तुमच्यासारखा भूगोल कुणी शिकवत नाही म्हणे. माझे साठ धडे रेकॉर्ड करायचेत. मी तोंडावर सांगितलं, माझा तुम्हाला तत्त्वतः विरोध आहे. त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर आम्हाला तुम्ही हवे आहात." बाई हुशार आहे.
नवी योजना: शत्रूच्या गोटात शिरायचं. आतून पोखरायचं.
बायकोला, सुहेरला, सांगितलं. ती मुलूखियाची पातळ भाजी ढवळत म्हणाली, "अहो, आतून म्हणजे नक्की कुठून?" बायकांना डावपेच कळत नाहीत.

१४ ऑक्टोबर
करार चौदा पानी. चष्मा घरी राहिला होता. हेडमास्तर म्हणाले, नुसता उपचार आहे. सही केली. चाळला तेवढ्यात एक गोष्ट दिसली. व्याकरण निर्दोष.

२६ ऑक्टोबर, रविवार
रेकॉर्डिंग जोरात. तोंडाला पावडर लावतात. एक धडा नऊ मिनिटं. मी म्हटलं, वर्गात याच धड्याला चाळीस मिनिटं लागतात, मुली प्रश्न विचारतात. कॅमेरावाला म्हणाला, "इथे विचारणारं कुणी नाही सर, पटापट होईल."
झालंही. वाईट वाटायला हवं होतं, पण जरा बरंच वाटलं.
पोखरण्याचं काम रेकॉर्डिंग संपल्यावर.

६ नोव्हेंबर, गुरुवार
इन्शिराहबाईंची बदली. बसने दोन तासांवरचं गाव. हवा चांगली आहे म्हणतात. सही केलेल्या अठरांपैकी अकरा जणांनी सह्या मागे घेतल्या.
कपाट रिकामं करून बाई माझ्या टेबलापाशी थांबल्या. मी चहा मागवतो म्हटलं. नको म्हणाल्या. "सर, सगळे तुमच्याकडे बघत होते. तुमचं नाव वर असतं तर कुणी मागे फिरलं नसतं."
म्हणजे माझ्या शब्दाला वजन आहे, हे त्यांनीही मान्य केलं. तरी दिवसभर जेवण गेलं नाही. बहुतेक कालचे ताअमियाचे वडे शिळे होते.

१६ नोव्हेंबर, रविवार
अकरा मुली गेल्या दुपारच्या पाळीला. तिथे एका खोलीत अडुसष्ट. त्यांत हनीनही. दर वाक्यानंतर 'का?' विचारणारी. वाळवंट का? पूर का? धरण तिथेच का? गेलं वर्षभर तिने माझा जीव खाल्ला. आता वर्ग शांत आहे. फारच शांत.
तिची आई आली होती. लोकांचे कपडे इस्त्री करते, बोटांवर चटके. "सर, तुम्ही एक शब्द टाका ना. फाटकावर तुमचाच फोटो आहे." म्हटलं, उद्याच बोलतो.

१९ नोव्हेंबर
नर्मीन मॅडम मीटिंगमध्ये. बाहेर दोन तास बसलो. त्यांच्या माणसाने बिस्किटं दिली. दोन खाल्ली. गुरुवारी नक्की बोलणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार
गुरुवारी बोललो. देणगी ऐच्छिक आहे, त्यामुळे सक्तीचा प्रश्नच येत नाही, असं त्या म्हणाल्या. हे मी हनीनच्या आईला कसं सांगू, ते सुचत नाही. ती ज्या रस्त्याने येते तो टाळतोय.
आजपासून वर्गात माझे रेकॉर्ड केलेले धडे. माझं पद आता 'वर्ग-सोबती'. टॅबलेट वाटायचे, चार्जिंगला लावायचे, व्हिडिओ चालू असताना बोलायचं नाही. बढतीच म्हणायची, घसा वाचतो.

२६ नोव्हेंबर
राजीनामा द्यायचं ठरवलं! मान ताठ ठेवून. अलेक्झांड्रियाच्या एका शाळेत ओळख आहे, शिवाय घरी शिकवण्या घेईन. सुहेरने विचारलं, करारात काय लिहिलंय? प्रत मागायला गेलो. पान नऊ: तीन वर्षं मला दुसरीकडे कुठेही भूगोल शिकवता येणार नाही. घरीसुद्धा. राजीनामा दिला तरी नाही.
घरी आलो. सुहेरने चष्मा पुसून माझ्या हातात दिला.

३० नोव्हेंबर, रविवार
धडा सतरा. नाईलचे दोन फाटे. स्टुडिओत हिरव्या पडद्यापुढे माझं डावं-उजवं उलटलं होतं. रशीदचा फाटा पूर्वेला, दुमयातचा पश्चिमेला, असं मी पडद्यावर ठणकावून सांगत होतो. रशीदचा फाटा इथून अर्ध्या तासावर आहे. या मुली सुट्टीत तिथे मासे खायला जातात.
मागच्या बाकावरून जोमाना कुजबुजली, "सर, हे उलटं आहे ना?" तिच्या वहीत बरोबर लिहिलेलं होतं.
मी उठलो. दारात कंपनीचा निरीक्षक उभा. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परीक्षा व्हिडिओवरूनच होणार. पडद्यावरचा मी बोलतच होतो.
जोमाना माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी ओठांवर बोट ठेवलं.
तिने खोडरबर घेतला.