तीन डिसेंबरला अन्सेल्म कुठे होता?

६ फेब्रुवारी १९२८

हे शक्यच नाही. तीनदा वाचलं — तारीख तीच.

शाळा सुटल्यावर गावकचेरीत मेयरसाहेबांचे कागद लावत बसले होते. त्यात चीजवाल्या अन्सेल्मचा अर्ज. महायुद्धात शत्रूच्या कैदेतून निसटून आलेल्या सैनिकांसाठी सरकारने पदक काढलंय, त्यासाठीचा. अक्षर त्याचंच, जाडंभरडं. ‘छावणीतून पळालो : ९ नोव्हेंबर १९१७. स्वित्झर्लंडच्या हद्दीत पोचलो : १७ नोव्हेंबर.’

माझा भाऊ रेमी त्याच छावणीत, त्याच वर्षी ३ डिसेंबरला वारला. आणि १९१९ साली हाच अन्सेल्म आमच्या दारात टोपी चुरगाळत आईला म्हणाला होता — ‘शेवटपर्यंत त्याचा हात माझ्या हातात होता.’

कसला हात!

७ फेब्रुवारी

झोप नाही. दोन्हींतलं एक खोटं आहे. एक तर तो पळालाच नाही, किंवा रेमीजवळ नव्हताच.

९ फेब्रुवारी

मेयर म्हणाले, “ओदीलबाई, अन्सेल्मचा कागद अजून इथेच? शिक्का मारा की. वसंतात चौकात बँड लावून पदक द्यायचंय.”

म्हटलं, साक्षीदाराचा जबाब हवा.

“आमच्या अन्सेल्मला साक्षीदार कशाला? अख्खं गाव त्याचं चीज खातं!”

चीज चांगलं करतो म्हणून माणूस खरा?

१२ फेब्रुवारी, रविवार

नेहमीसारखा आला. चीजचा तुकडा, अक्रोडाची पिशवी. नऊ वर्षं दर रविवारी येतोय. आईने सूपची पहिली वाटी त्याला वाढली. मी मुद्दाम विचारलं, “रेमी शेवटी काय म्हणाला होता रे?”

“पाणी मागितलं.”

गेल्या वर्षी म्हणाला होता, काहीच बोलला नाही. त्याच्या आधी — आईची आठवण काढली. मी आजवर हे जुळवून का पाहिलं नाही?

आई मलाच रागावली. “जेवू दे ना त्याला! काय उकरतेस?”

तो मान खाली घालून जेवत राहिला. दोन वाट्या प्यायला. मी मोजल्या.

१५ फेब्रुवारी

अर्जात साक्षीदाराचं नाव आहे : तेओफील कोद्राँ, विणकर, रुबे शहर. रेमी धरून तिघे एकाच बराकीत होते म्हणे. परस्पर पत्र टाकलं. अन्सेल्मला न सांगता.

१९ फेब्रुवारी, रविवार

डोकं दुखतंय म्हणून खोलीतच राहिले. बाहेर दोघं हसत होती. आई त्याला ‘बाळा’ म्हणते. रेमीचा कोट त्याने अंगात घातलाय — आईनेच दिलाय, तरी.

इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहिते : मधली दोन-तीन वर्षं मला वाटायचं, हा कधीतरी मला विचारेल. विचारलं नाही. आता वाटतं, बरं झालं. किंवा — विचारलं का नाही? जिथे खोटं बोलला त्या घरात लग्न करायला भ्याला?

२७ फेब्रुवारी

रुबेहून काही नाही.

१ मार्च

राहवेना. दुपारच्या सुट्टीत तडक चीजघरात गेले. तो तांब्याच्या कढईवर वाकलेला, कोपरापर्यंत ओला. अर्ज समोर धरला.

“तीन डिसेंबरला कुठे होतास?”

त्याने कढई ढवळणं थांबवलं नाही. मग म्हणाला, “झुरिकमध्ये. इस्पितळात. पाय गोठले होते.”

“मग हात कोणाचा धरला होतास?”

“कोणाचाच नाही.”

इतकं सरळ! मला वाटलं होतं, नाकारेल, ओरडेल.

“आम्ही दोघे निघणार होतो. त्या दिवशी त्याला ताप चढला. म्हणाला, तू जा. मी गेलो, ओदील. खरं सांगायलाच तुमच्या दारात आलो होतो. पण तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या — तू होतास ना रे त्याच्यापाशी? — आणि मी हो म्हणालो.”

“नऊ वर्षं हो म्हणालास.”

“हो.”

“मग अर्जात खरी तारीख का घातलीस?”

“मेयर मागेच लागले. खोटी घालणार होतो, हात धजेना. आणि कागद तुझ्याच टेबलावर येणार हे ठाऊक होतं.” मग म्हणाला, “फाडून टाक. मला ते पदक नको.”

फाडला नाही. का, ते माहीत नाही. सबंध कहाणी ऐकूनही मन म्हणतंय, अजून काहीतरी लपवतोय.

४ मार्च, रविवार

आला नाही. आई तीनदा खिडकीशी जाऊन आली.

११ मार्च, रविवार

आजही नाही. आईने त्याची वाटी तशीच मांडून ठेवली.

१४ मार्च

कोद्राँचं पत्र आलं. इथे उतरवून ठेवते.

‘बाई, अन्सेल्म नऊ तारखेलाच पळाला, मी शपथेवर सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला त्याचं नाव पुकारलं, तेव्हा तुमच्या भावाने मागच्या रांगेतून आवाज बदलून “हजर” म्हटलं. अंगात ताप असताना. तिसऱ्या दिवशीही म्हटलं. तेवढ्यात तो बराच लांब गेला. चौथ्या दिवशी पकडलं. चौदा दिवस अंधारकोठडी, थंड फरशी. बाहेर आला तो खोकतच. हात मी धरला होता. हे अन्सेल्मला आम्ही कोणी कळवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका, त्याला जगू द्या.’

म्हणजे लपवणारा तो नव्हता. त्याला तर माहीतच नाही!

रेमी गेला तो त्याच्यापायी. आणि रेमीनेच ते ठरवलं. रागवायचं कोणावर?

१६ मार्च

शिक्का मारला. सही केली. अर्ज टपालात गेला. पत्र चुलीत.

आईला निदान तारखेचं सांगायलाच हवं. उगाच वाट बघतेय.

१८ मार्च, रविवार

आईला सांगितलं — अन्सेल्म तिथे नव्हता. तिने बटाटा सोलणं थांबवलंसुद्धा नाही.

“माहीत आहे. स्वित्झर्लंडला पोचल्याबरोबर पत्र लिहिलं होतं त्याने — तुमच्या मुलाला आजारी सोडून आलो, मला माफ करा. त्याला वाटतं, ते पोचलंच नाही. मग रेमी गेल्याचा कागद आला. तारखा मलाही वाचता येतात, ओदील.”

“मग दारात विचारलंस कशाला?”

“खरं बोलून मोकळा झाला असता, तर परत आला असता का? जा, घेऊन ये त्याला.”