एका गंजातला भात

करंजटोला, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा. मंगळवार, तारीख १४ डिसेंबर १९५४. सकाळी खळ्यावरचे धान घरात आणले. दुपारी लटारूभाऊ आणि गुणाबाई साक्षीसाठी आले. थंडी बरीच आहे.

मी, मनसाराम वल्द दानियेल, धंदा सुतारकाम, धर्म ख्रिस्ती, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. छातीचे दुखणे आहे, पण बुद्धी ठिकाणावर आहे आणि कोणी मागे उभे राहून हे लिहवून घेत नाही. मूलबाळ नाही. पत्नी सोनीबाई गेल्या पावसाळ्यात प्रभूकडे गेली.

१. मला तिच्या शेजारी पुरावे. माझे वडील कुणब्यांच्या घरातून ख्रिस्ती मंडळीत आले, तिचे महारांच्या. कबरस्तानात आमच्या वरच्या मोहल्ल्याची जागा आंब्याखाली आहे, खालच्या टोलीची नाल्याकडे. ती नाल्याकडे आहे. पेटी मी करून माळ्यावर ठेवली आहे.

२. रंधा, करवत, पटाश्या तिचा भाचा पोचू याला. धार त्याने स्वतः लावावी, दुसऱ्याला देऊ नये.

३. राहते घर मंडळीला, पाळकसाहेबांच्या उतरण्यासाठी. या पत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

४. धाकटा भाऊ घनश्याम याला सागवानी पाट. माझ्या लग्नाच्या जेवणासाठी तो मी त्याच्याकरता केला होता. सोनीबाईच्या हातचे नको म्हणून तो कधी त्यावर बसला नाही. रविवारी देवळात प्रभुभोजनाला मात्र तो आणि सोनीबाई दोघेही एकाच प्याल्यातून घेत. पाट त्याने स्वतः येऊन न्यावा.

५. तळ्याखालची बांधी, म्हणजे धानाचे शेत, आणि सोनीबाईचा भात शिजवायचा पितळी गंज, हे मोठे पातेले, मंडळीला. याचे कारण लिहिणे जरूर आहे.

मयतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी अन्न आणतात. तिला पुरून आलो तेव्हा भाताचे एक भगोणे वरच्या मोहल्ल्यातून आले होते, एक खालच्या टोलीतून. ओसरीच्या दोन टोकांना ठेवली होती आणि लोक आपापल्या भगोण्याजवळ बसले होते. थोड्या वेळापूर्वी सगळ्यांनी मिळून एकच गीत म्हटले होते. मी तिचा गंज आणला, दोन्हीकडचा भात त्यात ओतला आणि पळीने ढवळला.

"हे काय करून राह्यला, भाऊ?" घनश्याम उठला.

"भात वाढून राह्यलो. तुहा कोणता, निवडून घे."

कोणी हलेना. मग वरच्या मोहल्ल्याच्या गुणाबाई खालच्या टोलीच्या लटारूभाऊंच्या पंगतीत जाऊन बसल्या. "माह्या डोळ्याले काही दाणा ओळखू येत नाई बाप्पा. वाढा मले."

त्यांच्यामागून आणखी काही जण बसले. घनश्याम निघून गेला.

आज सकाळी मी या कलमात अट लिहिली होती की हंगामाच्या सणाला बांधीचा भात याच गंजात, एकाच चुलीवर शिजावा. दोन चुली मांडल्या तर बांधी पोचूला जावी. वाचून दाखवल्यावर लटारूभाऊ म्हणाले, "ते खोडा, भाऊ."

"काऊन?"

"अट घातली तं लोकं बांधीसाठी संग जेवतीन. सोनीबाईले तसं जेवण पाह्यजे होतं का?"

"अन् घनश्याम तं सगळ्यायच्या आधी येऊन बसन," गुणाबाई म्हणाल्या.

मी विचार केला आणि खोडले. बांधी बिनशर्त मंडळीची. एका चुलीवर शिजवावे, ही माझी नुसती विनंती. खोडलेल्या जागी माझी सही आहे.

माझ्या देखत आणि एकमेकांच्या देखत सह्या केल्या. दोघांनाही या पत्रातून काही मिळत नाही:

लटारू वल्द बिरजू, खालची टोली, सही
गुणाबाई, वरचा मोहल्ला, डाव्या अंगठ्याची निशाणी

मनसाराम वल्द दानियेल, सही
मुक्काम करंजटोला, १४ डिसेंबर १९५४

ता. क. साक्षीदार घरी गेले. संध्याकाळी भात टाकला. घनश्यामचा पाट खुंटीवरून काढला, धूळ पुसली, माझ्या पाटासमोर मांडला आणि जेवून घेतले.