ओढ्यापलीकडचा लीलाधर

नौलीखेत,
१२ जानेवारी २००२

ती. देवकी बोजीस,
जयंतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आठ महिने तुला पत्र नाही, वहिनीच्या मायेनं क्षमा कर. राखीला लिहायचं ठरवलं, दिवाळीला ठरवलं, आणि दोन्ही वेळा शाळेच्या पेपरांवर ढकलून दिलं. कारण खरं नव्हतं, आळस खरा होता. आज लिहायला बसले तर तुझ्या नावाआधी काय लिहावं इथेच अडले. गेली चार वर्षं 'गं. भा.' लिहीत आले. आज हात धजला नाही. का ते सांगते, पण आधी एक कर. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात असशील तर हे पत्र पदरात धर आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून वाच.

हिवाळ्याच्या सुट्टीत मी पाहुण्यांना घेऊन गावोगाव चालते, यावर तू नेहमी हसतेस. ज्या वाटेनं आपण जन्मभर गवताचे भारे आणले त्या वाटेवर लोक मजेसाठी चालतात, आणि वर थकतात! या वेळी कलकत्त्याचे सान्याल नवराबायको होते. साठीच्या पुढचे, भर उन्हातही माकडटोप्या. वाट अगदी सोपी, या गावातून त्या गावात, चढ म्हणाल तर दोनच. तरी दुसऱ्या दिवशी बाईंचा गुडघा धरला. डोंगराच्या धारेवरचा चढ त्यांना झेपेना, म्हणून मी खालची, ओढ्याकाठची वाट धरली. ती खरकगैरच्या जुन्या पाणचक्कीवरून जाते. बाजारात डिझेलची गिरणी आल्यापासून आपल्या गावचं कुणी तिकडे फिरकत नाही. मीही कित्येक वर्षांत गेले नव्हते.

दुपार होती. चक्कीवाल्या बाबानं उन्हात चटई टाकली. मोठं लिंबू सोलून त्यात दही, गूळ, मुळा आणि भाजून वाटलेले भांगाचे दाणे कालवले. भांग म्हटल्यावर सान्यालबाईंनी हात मागे घेतला. या दाण्यांनी डोकं फिरत नाही हे त्यांना पटवण्यात मी गुंतले होते. त्यामुळे त्या माणसाकडे मी नीट पाहिलंही नाही. पांढरी दाढी, कानटोपी, भुवयांवर पीठ. पानावर वाढता वाढता तो माझ्यापुढे थांबला आणि मीठ कमी आहे का विचारावं तशा आवाजात म्हणाला,

"जैंती, माझं श्राद्ध कोणत्या तिथीला घालता तुम्ही?"

बोजी, तो माझा दाज्यू होता. तुझा नवरा.

पुढे पाहुण्यांना मी काय बोलले, कोणत्या वाटेनं नेलं, आठवत नाही. त्यांना जीपमध्ये बसवून दुसऱ्या दिवशी मी एकटीच परत गेले. माझा संशयी स्वभाव तुला माहीत आहे. मी समोर बसून त्याची तोंडी परीक्षा घेतली. आम्हा भावंडांपासून इजा गूळ कुठे लपवायची, बाबूंनी मला कशासाठी मारलं होतं, काळ्या गाईचं नाव काय. सगळं बरोबर. मग तो आपण होऊन म्हणाला, देवकीच्या डाव्या पायाची करंगळी आतल्या बाजूला वळलेली आहे. हे मला माहीत नव्हतं. खरं की खोटं ते तूच पाहा.

तो शहाऐंशी साली साखर कारखान्यात कारकून म्हणून लागला, असं त्यानं लिहिलं होतं ना? तो कारकून नव्हता. कारखान्याबाहेरच्या खाणावळीत भांडी घासत होता. आपल्या गावची दोन माणसं नोकरी मागायला त्याच्याकडे येणार असल्याचं कळलं, तेव्हा तो लाजेनं ते शहरच सोडून पळाला. मग दुसरं शहर, तिसरं शहर. पुढच्या वर्षी हाती काही घेऊन जाऊ, असं म्हणता म्हणता तप उलटलं. शेवटी रिकाम्या हातानंच निघाला. नव्व्याण्णवच्या चैत्रात या चक्कीपर्यंत आला आणि पाणी प्यायला टेकला. तेव्हाच्या म्हाताऱ्या चक्कीवाल्यानं त्याला न ओळखता गावगप्पा सांगितल्या. नौलीखेतच्या लीलाधरची बारा वर्षं वाट पाहिली, गेल्या साली दर्भाचा पुतळा करून जाळला, बायकोनं नथ उतरवली, तेरावंही झालं.

त्यानंतर त्यानं ओढा ओलांडला नाही. क्रियाकर्म झालेला माणूस गावात शिरला तर घराचं वाटोळं होतं, हे त्यानंही लहानपणापासून ऐकलेलं. तो तिथेच राहिला. म्हातारा गेल्यावर चक्की चालवू लागला. आपल्या गावापासून दोन तासांच्या वाटेवर, बोजी. या थंडीत धारेवर उभं राहिलं तर त्याच्या चक्कीचं छप्पर दिसतं. मी काल पाहून आले.

हे सांगायला मी स्वतः हल्द्वानीला यायला हवं होतं का? खूप विचार केला. समोर आले असते तर माझ्या देखत तुला काहीतरी करावं लागलं असतं, रडावं तरी किंवा सावरावं तरी. तो हक्क तुझा तुझ्यापाशी राहावा म्हणून पत्र. चुकलं असेल तर सांग. अजून गावात कुणाला बोलले नाही.

लोभ आहेच, तो आज जरा जास्त असू दे.
तुझी,
जयंती


हल्द्वानी,
२१ जानेवारी

चि. जयंतीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. दार लावून वाचलं. मग दार उघडून साठ मुलींच्या पोळ्या केल्या. एकही करपली नाही, याचंच मला आश्चर्य वाटतंय.

दुसऱ्या दिवशी मात्र दुधाचं पातेलं शेगडीवर ठेवलं आणि ते उतू जाताना नुसती पाहत उभी राहिले. मुली ओरडल्या तरी हात हलेना. अधीक्षिकाबाईंनी विचारलं, घरी कुणी गेलं का? काय सांगणार? उलटंच झालंय म्हटलं असतं तर त्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं.

करंगळी वळलेलीच आहे.

माझ्या नावाआधी काही लिहू नकोस. नाव पुरे.

जैंती, त्याच्यासाठी मी चार वर्षं एकादशा केल्या. कुणाच्या लग्नात पुढे उभी राहिले नाही, कुणाच्या डोहाळेजेवणात ओटी भरली नाही. होळीला बायका अंगणात गायला बसायच्या तेव्हा मी मागच्या दाराशी भांडी घासत असायचे. आणि हा तिथे गहू दळत होता. माणूस मेला याचं दुःख मी पुरतं करून झाले, आता तो जिवंत आहे याचं काय करायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

विमलाला सांगितलेलं नाही. पोरीची बारावीची परीक्षा आहे. तिच्या कपाटात बापाचा फोटो आहे, त्याला ती परीक्षेआधी नमस्कार करते. काल तिनं केला आणि मी तोंड फिरवलं.

दोन गोष्टी विचारते, घरच्या माणसासारखी खरी उत्तरं दे. मला वाईट वाटेल म्हणून गाळू नकोस, तुझी ती मास्तरणीची दया मला नको. तिथे त्याची दुसरी बाई आहे का? आणि त्यानं माझ्याबद्दल काही विचारलं का?

दात आहेत का त्याचे? उगाच विचारते.

देवकी


नौलीखेत,
३० जानेवारी

ती. देवकी बोजीस,
नमस्कार. तू म्हणालीस तसं, नाव पुरे.

दुसरी बाई नाही, आणि कधी असल्याचं मला दिसलं नाही. मी खोलीत डोकावले, लाज न बाळगता. एक अंथरूण, एक थाळी, एक मांजर.

तुझ्याबद्दल पहिल्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही. मी लिहायचं टाळणार होते, पण तू खरं मागितलंस. दुसऱ्या दिवशी मी उठून निघाले तेव्हा, चक्कीचं पाणी वळवायला वाकलेला असताना, त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं की ती अजून लाकडं स्वतःच फोडते का. त्यापलीकडे काही नाही. दात पुढचे आहेत.

आता जे लिहिते त्यानं तू रागावशील. बातमी गावात फुटली. खरकगैरच्या एका बाईनं मला तिथे रडताना पाहिलं होतं, ती बाजारात बोलली. दोन दिवस आपल्या गावात कुणी पाणवठ्यावर एकटं गेलं नाही. मुलांना संध्याकाळी बाहेर सोडेनात. ज्या चुलतभावानं पुतळ्याला अग्नी दिला होता तो तर अंथरूणच धरून बसला, जिवंत माणसाला जाळल्याचं पाप कुणाच्या माथी म्हणून. शेवटी पीतांबर पंडितजींनी पोथ्या काढल्या. क्रिया झालेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तुपाच्या कुंडात बसवायचं, बाहेर काढून न्हाऊ घालायचं, मुलासारखी नाळ कापायची, बारसं करायचं, मुंज करायची. आणि शेवटी त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावायचं. हे एवढं झालं की तो गावात येऊ शकतो.

सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की काय सांगू. वसंतपंचमीचा मुहूर्त धरला आहे. तूप कुणी किती द्यायचं ते ठरतंय. नवरी माहेराहून आणायची की हल्द्वानीहून यावर ग्रामप्रधानांच्या अंगणात दोन तास वाद झाला. मी म्हटलं, तिला विचारा तरी. त्यावर गोपुली काकी म्हणाली की जिचा नवरा मेलेला परत येतो तिला काय विचारायचं? बाकी बायकाही हसल्या. वाईट मनानं नव्हे. त्यांना खरोखर प्रश्नच कळला नव्हता.

माझं मत विचारशील तर मला मत नाही. मला भाऊ परत मिळाला, म्हणून माझ्या मतावर विश्वास ठेवू नकोस.

तुझ्या मायेची धनीण,
जयंती


हल्द्वानी,
७ फेब्रुवारी

चि. जयंतीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू. तिसऱ्यांदा नीट कळलं.

पहिलं लग्न झालं तेव्हा मी सतरा वर्षांची होते. चेहरा पाहिला नव्हता, फक्त पाय पाहिले, तेही हळदीनं माखलेले. तेव्हा मला कुणी विचारलं नाही आणि विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं. आता गाव पुन्हा लग्न लावायला निघालंय आणि पुन्हा तेच. तूप विचारून झालं, मुहूर्त विचारून झाला.

पंडितजींना सांग, पन्नाशीला आलेली बाई तान्ह्या बाळाशी लग्न करत नाही. तुपातून काढलेलं पोर ज्याला हवं त्यानं वाढवावं. मला दूध नाही.

माझं म्हणणं त्याला तूच वाचून दाखव. तुपाआधी, बारशाआधी, पंचमीआधी, आहे तसा त्यानं ओढा ओलांडावा. एकट्यानं बसमध्ये बसून हल्द्वानीला यावं. चारच्या नंतर, तोवर मला स्वयंपाक असतो. मागच्या फाटकाशी उभं राहावं आणि मला विचारावं. मी हो म्हणेन असं वचन नाही. नाही म्हणेन असंही नाही, मलाच माहीत नाही. पण विचारल्याशिवाय उत्तर मिळायचं नाही. तो आला नाही तर तो माझ्यासाठी जाळला तिथेच जळालेला आहे, आणि मी त्याचं अमावास्येचं श्राद्ध करत राहीन.

तू लग्न केलं नाहीस, म्हणून कदाचित तुला हे उगाचचं ताणणं वाटेल. वाटू दे.

आणि त्याला सांग, आता गॅस आहे.

देवकी


नौलीखेत,
१५ फेब्रुवारी

ती. देवकी बोजीस,
नमस्कार.

तुझं पत्र मी त्याला आज वाचून दाखवलं. एक शब्द वगळला नाही, दुधाचाही नाही. ते वाक्य ऐकून त्यानं चक्की थांबवली. पाण्याचा आवाज थांबल्यावर तिथे इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. हातावरचं पीठ झाडून तो उठला. मग म्हणाला,

"आणि ती नाही म्हणाली तर?"

मी म्हटलं, तर परतीची बस असते. त्यावर तो म्हणाला की तूप घेतलं तर निदान गाव तरी मिळतं. खरं आहे ते, बोजी. पंचमी परवा आहे, कुंड धुऊन ठेवलंय. इथे त्याला कुणी काही विचारणार नाही, सगळे नुसते आनंदानं रडतील. मी त्याला हे बोलून दाखवलं. आग्रह करायचा नाही असं मी ठरवलं होतं, आणि केला नाही. एवढ्या एका बाबतीत तरी मी नीट वागले असं वाटतं.

मी एकटीच निघाले. ओढा ओलांडून अलीकडे आल्यावर मागे वळले तर तो पलीकडच्या काठावर उभा, कानटोपी काढलेली. वरचं गवत संपलं म्हणून एरवी न येणाऱ्या आपल्या बायका अलीकडच्या उतारावर गवत कापत होत्या. त्यांनी पाहिलं. विळे तिथेच टाकून त्या वर पळाल्या. फक्त गोपुली काकी राहिली, तिला गुडघ्यामुळे पळता येत नाही. तिनं कमरेच्या गाठीतली मोहरी काढून त्याच्या दिशेनं उधळली. तोवर पाण्यात उतरलेला तो मधोमध थांबला. मला वाटलं, फिरला आता. पाणी बर्फाचं, तो लटलट कापत होता.

काकीनं निरखून पाहिलं. म्हणाली की भूत कधी कापत नाही. मग तिचा पारा चढला. अरे मेल्या, तुझ्या तेराव्याला माझ्या हाताला पुऱ्या लाटून फोड आले होते, तेव्हा कुठे होतास? आणि आता पाण्यात उभा राहून ताप आणणार आहेस का? तिनं विळ्याचा दांडा पुढे केला. हात दिला नाही, दांडाच. तो धरून तो अलीकडे आला.

गावात फार वाईट चाललं आहे. पंडितजी माझ्याशी बोलत नाहीत. प्रधान म्हणतात, उद्या काही विपरीत झालं तर जबाबदारी मास्तरणीची. ज्या दोन घरांतून आपल्याकडे दूध यायचं तिथून आज संध्याकाळी आलं नाही. तो माझ्या अंगणात बसला आहे, घरात येत नाही, आणि दाढी करताना दोनदा कापून घेतलंय. मला विचारत होता, तिथे गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं. मी सांगितलं नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. त्याच्याच हाती देते आहे. वाटेत तो कुठल्या स्टँडवर उतरून पुन्हा नाहीसा झाला तर तुला ते कधीच मिळणार नाही, आणि तुला जे करायचं ते तू त्याशिवायही करशील. पण तू हे वाचत असशील, तर तो मागच्या फाटकाशी उभा आहे आणि त्यानं अजून विचारलेलं नाही. पत्र बाजूला ठेव.

तुझं उत्तर काहीही असो, माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जयंती

ता. क. उद्याचं काम: पहाटेच्या बसमध्ये त्याला बसवणं, आणि स्वतः न बसणं.