भुऱ्याची शेपूट आणि मेव्हण्याची कणव

दिग्रस, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या भुऱ्या कुत्र्याने आज पुन्हा रक्ताने भिंत रंगवली. कुणी आले की आनंदाने शेपूट आपटतो आणि टोकाची जखम उघडते. डॉक्टर म्हणाले, पट्टी टिकली तर भरेल. नाहीच भरली तर शेपूट कापायचे बघू. मग दिलीपला एवढी घाई का? सख्खा मेव्हणा, पण भुऱ्याला कधी बिस्किट टाकले नाही.

"कापून टाका, भाऊजी. मले तं त्याचं दुखणं पाहवत नाही."

"तुले? तू तं त्याले हाड हाड करत राह्यतं!"

मग म्हणतो, "शेपूट कापली का कुत्रं तिखट होते. माह्या जिनिंग फॅक्टरीवर राखणीले बांधू, कापसाच्या गंजीपाशी."

म्हणजे करुणरसाचा उगम कापसाच्या गंजीत!

पण मी तरी सोवळा का? भिंतीकडे पाहून मलाही दोनदा वाटले, कापावीच.

नाही. स्पष्ट सांगितले, पट्टीच बांधणार. दिलीप फुगून निघाला, तर भुऱ्या शेपूट हलवत त्याला फाटकापर्यंत पोचवून आला. या घरात संशय घेण्याचे काम मलाच करावे लागणार.