कारंज्यापाशी हसणारा माणूस

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

टक्, टक्... टक्! गुरुजी कविता शिकवताना लाकडी पट्टीने टेबलावर ताल धरायचे. ओळीच्या मध्यावर, जिथे श्वास घ्यायचा, तिथे पट्टी हवेतच थांबायची. 'यती आली, थांबा रे!' सगळा वर्ग गप्प. किती वर्षं झाली! आज जाग आली ती त्याच आवाजाने.

रस्त्यावर फोटो मी तसेच काढतो. कॅमेरा छातीशी, डोळे भलतीकडे. माणूस चालत असतो, कुणाशी भांडत असतो, आणि मध्येच त्याची यती येते — तेव्हा बटण दाबायचं. कुणाला पत्ताही लागत नाही.

आणि आज वाचनालयाच्या भिंतीवर माझा फोटो लागला! आयुष्यात पहिल्यांदा. शहरातल्या हौशी मंडळींचं प्रदर्शन, त्यात सगळ्यांत मोठा माझाच. कारंज्याशेजारच्या बाकावर एक गृहस्थ — टाय सैल, मांडीवर उघडा डबा, घास हातात तसाच, आणि मान मागे टाकून हसतोय. ऊन पाण्यातून गाळून गालावर उतरलेलं. खाली नाव लिहून दिलं, 'भर दुपार'.

सूनबाई म्हणाली, "बाबा, आता तुम्ही मोठे कलाकार! दूध आणायला तरी जाल ना?"

गेलो.

शनिवार, ७ नोव्हेंबर

गुडघे. दिवसभर घरी. शाळेतल्या कविता आठवत बसलो. पहिलं कडवं येतं, दुसरं कुठलंच येत नाही.

सोमवार, ९ नोव्हेंबर

वाचनालयात गेलो. खोटं कशाला लिहू — स्वतःचाच फोटो बघायला. समोर एक माणूस उभा. टाय घट्ट आवळलेला, तरी ओळखला!

"हा तुम्ही काढलाय?"

"हो," मी छाती फुगवून.

"इथून उतरवा, आजोबा. हात जोडतो."

आवाज चढवला नाही त्याने. मला जिन्याखाली नेलं आणि भडाभडा बोलला. कंपनीने कामावरून कमी केलंय. घरी सांगितलेलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, नोकरीसाठी उंबरठे झिजवतो, दुपारी त्या बाकावर जेवतो. आणि बायको दर गुरुवारी इथे पुस्तक बदलायला येते!

"कामाच्या वेळी कारंज्यावर काय करत होतात, असं विचारलं तर काय सांगू?"

"सुट्टी होती म्हणा."

"रोज संध्याकाळी तिला ऑफिसातल्या गमती सांगतो. पाच महिने. सगळ्या मनच्या. आता आणखी एक रचायचं त्राण नाही हो."

मी म्हणालो, "बघतो."

बघतो! सरळ 'हो' म्हणायला माझं काय जात होतं?

मंगळवार, १० नोव्हेंबर

काय जात होतं ते लिहितो. मुलगा शनिवारी दौऱ्यावरून येईल. त्याने फोटो अजून पाहिलेला नाही. कॅमेरा गळ्यात अडकवून फिरतो म्हणून मागे मला म्हातारचळ लागलाय म्हणाला होता. त्याला हाताला धरून त्या भिंतीपुढे उभं करायचं होतं. बस, एवढंच. माझ्या वयाला पुढच्या प्रदर्शनाचा भरवसा कोणी द्यावा?

सूनबाईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काढताना विचारलं होतंत त्याला?"

"विचारलं की माणूस सावध होतो. मग तो फोटो नाही, ओळखपत्र होतं."

"बरं. तेव्हा विचारलं नाहीत. आता तो स्वतःहून सांगतोय, तर ऐका."

पोरगी बोलते थोडं, पण लागतं फार.

बुधवार, ११ नोव्हेंबर

उतरवला.

ग्रंथपाल बाई नाराज. "अहो, लोक त्याच्यापुढेच थांबतात! कारण तरी सांगा."

"उजेड नीट पडलेला नाही," म्हणालो. जीभ अडखळली. तसा उजेड या हयातीत पुन्हा मिळायचा नाही.

भिंतीवर खिळा तेवढा राहिला. वर्तमानपत्रात गुंडाळून, काखेत मारून घरी आणला आणि कपाटामागे ठेवून दिला. कॅमेरा खुंटीला. पाय दुखत नाहीत आज — तरी दमलोय. बसून दमलोय, निजून दमलोय.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

दुपारी दार वाजलं. एक अनोळखी बाई, हातात वाचनालयाचं पुस्तक. पत्ता ग्रंथपाल बाईंनी दिला म्हणाली.

"तो कारंज्याचा फोटो तुमचाच ना? तिथून का हलवलात?"

मी तिला आत बोलावलं.

"यांनी सांगितलं असणार," ती म्हणाली. "नोकरी गेल्याचं मला जूनपासून माहीत आहे. ऑफिसात फोन केला होता. त्यांना मात्र कळू देऊ नका, काका. ते रोज गमती सांगतात, मी हसते. ते नाही हसत. म्हणून शुक्रवारपासून, गुरुवारची वाट न बघता, मी रोज वाचनालयात जाऊन तो फोटो बघत होते."

कपाटामागून आणला, कागद सोडवला, खुर्चीवर टेकवून ठेवला. ती उभ्यानेच बघत राहिली.

"कशाला हसत होते हो?"

बटण दाबलं तेव्हा मी ऊन बघत होतो.