मैनाची टाळी

जालना, मंगळवार, पोळ्याचा दुसरा दिवस, १९९४

मैनाची टाळी काही केल्या डोक्यातून जाईना.

मैना माझी नवी चेली, कुंभार पिंपळगावची. टाळी वाजवायची तर तळहातावर तळहात ठेवून, हळू, भजनात बसल्यासारखी. मी रोज तिच्या बोटांवर छडी मारली. "हिजड्याची टाळी अशी असती का? बोटं फाकव, हात आडवे घाल. समोरचा दचकला पाह्यजे. न्हाई दचकला तर तुलाच मारंल." मी अंबडच्या बाजारात मार खाऊन शिकले. हिनं तरी घरात शिकावं. दुसरं काय देणार मी हिला?

आज तिची आई आल्ती. पोळ्याच्या पुरणपोळ्या फडक्यात बांधून दारातच उभी राहिली. "सुदाम, चल रे घरी. तुझ्या टाळीबिगर भजन सुनं वाटून राह्यलं."

मैना उठली. मला वाटलं, गेली आता ही. तिनं आईच्या तोंडासमोर जाऊन टाळी वाजवली. कोरडी, फाडकन. म्हातारी इतकी दचकली की हातातलं फडकं खाली पडलं. तिनं ते उचललंबी न्हाई, तशीच माघारी गेली.

मी थांबवायला पाह्यजे होतं का? पण कोणाला? आईला, का हिला?

मैना खाली बसून पोळ्या गोळा करत होती. वर न पाहता म्हणाली, "गुरुमाय, आता बराबर झाली का?"

इतकी साफ टाळी माझीसुद्धा न्हाई.

मी म्हणलं, "अजून जोरात पाह्यजे."